रिबीन, शाई आणि कागदाची हस्तकला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात भेटकार्डे, राखीची पाकिटे, फोटोंच्या वह्या आणि सजावटीच्या डब्या करायला शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. हे प्रश्न वरवर निरनिराळे दिसत असले, तरी बहुतेकांचे मूळ एकाच ठिकाणी सापडते. कागद, शाई, चिकटवण्याचे द्रव्य आणि रिबीन यांपैकी प्रत्येक वस्तू पाण्याशी वेगळ्या तऱ्हेने वागते आणि या चारही वस्तू एकाच कार्डावर नांदवायच्या असतात. त्यामुळे पुढील उत्तरांत ओलाव्याचा उल्लेख वारंवार येईल.

सुरुवात करायला कोणते साहित्य पुरेसे आहे?

२५० ते ३०० जीएसएमची पांढरी कार्डशीट, थोडा ड्रॉइंग पेपर, धारदार कटर, स्टीलची पट्टी, दुहेरी चिकटपट्टी, काळ्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची बाटली, दोन-तीन रंगीत शाया, नव्या स्पंजचे लहान तुकडे आणि अर्ध्या इंचाची साटीन रिबीन एवढ्यावर पहिले काही महिने उत्तम काम होते. हे सर्व साताऱ्यात मोती चौकाच्या परिसरात किंवा सांगलीत गणपती पेठेत फिरल्यास सहज मिळते. तयार किट घेण्याची शिफारस मी सहसा करत नाही, कारण त्यात टिकल्या, मणी आणि चकाकी भरपूर असते आणि जेथे पैसे घालायला हवेत त्या कागदातच काटकसर केलेली असते.

जीएसएम म्हणजे काय आणि कोणत्या कामाला किती जाडीचा कागद घ्यावा?

एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन म्हणजे जीएसएम. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो आणि तो आतील मजकुरासाठी ठीक आहे. त्यावर ओली शाई घेऊ नये. कार्डाच्या मुख्य अंगासाठी २५० च्या पुढचा कागद घ्यावा, तर भरपूर पाणी घालून रंगवायचे असल्यास ३०० जीएसएमच्या जलरंगाच्या कागदाला पर्याय नाही. मात्र जाडी हा एकच निकष नव्हे. गुळगुळीत मुलामा दिलेली आर्ट शीट कितीही जाड असली तरी पाण्याची शाई तिच्यात मुरत नाही आणि बोट लागताच पसरते.

कार्डाची घडी घातली की कड भेगाळते, पांढरी रेघ दिसते. असे का होते?

यंत्रावर कागद तयार होताना त्यातील तंतू बहुतांशी एकाच दिशेला लागतात. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. तंतूंच्या समांतर घडी घातली तर ती सरळ आणि स्वच्छ बसते, आणि आडवी घातली तर तंतू मोडतात व कड फुटते. दिशा ओळखण्याची सोपी रीत अशी की, कागदाचा लहान चौकोनी तुकडा कापून त्याची एक बाजू ओल्या स्पंजने पुसावी. तुकडा काही क्षणांत नळीसारखा वळतो आणि त्या नळीची लांबी ज्या दिशेला असते, तीच तंतूंची दिशा होय.

याचा एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. समजा, तुमच्याकडील ए-४ शीटमध्ये तंतू लांब बाजूला, म्हणजे २९७ मिलिमीटरच्या दिशेने लागलेले आहेत. ही शीट मधोमध दुमडून ए-५ आकाराचे मोठे कार्ड केले, तर घडी तंतूंना आडवी जाते आणि फुटते. तीच शीट आधी मधोमध कापून दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा दुमडून ए-६ आकाराचे छोटे कार्ड केले, तर घडी तंतूंच्या समांतर येते आणि सुरेख बसते. म्हणून मोठे कार्ड फुटले की दुकानदाराने कागद वाईट दिला असा निष्कर्ष काढण्यापूर्वी छोटे कार्ड करून पाहावे. आडवी घडी घालणे भागच असेल, तर शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधाराने आधी खाच पाडावी, आणि खाच पडून जी बाजू खोलगट झाली असेल तिच्या उलट दिशेला घडी घालावी, म्हणजे उंचवटा घडीच्या आत राहतो.

शाई किंवा फेविकॉल लावल्यावर कागद वाकडा होतो. तो सपाट कसा ठेवावा?

पाणी मिळाले की कागदाचे तंतू फुगतात, आणि ते लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी अधिक फुगतात. एका बाजूला पाणी आणि दुसरी कोरडी, अशी स्थिती झाली की कागद वळणारच. त्यावर तीन उपाय आहेत आणि ते एकत्र वापरावेत.

पहिला उपाय कामाच्या क्रमाचा आहे. आधी सर्व ओले काम उरकावे, म्हणजे शाईची पार्श्वभूमी, शिंतोडे, स्टेन्सिल वगैरे. मग कागद पूर्ण वाळू द्यावा, दाबाखाली ठेवावा, त्यानंतर कापावा आणि घडी घालावी, आणि रिबीन सर्वांत शेवटी लावावी. अनेकजण आधी कार्ड कापून, घडी घालून मग रंगवायला घेतात आणि घडीच्या दोन बाजू दोन दिशांना वळतात. दुसरा उपाय समतोलाचा आहे. पुढच्या बाजूला कागद चिकटवला असेल, तर मागच्या बाजूलाही तेवढाच कागद तितक्याच ओलाव्याने चिकटवावा. बाइंडर पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कागद लावतात तो याच कारणासाठी. तिसरा उपाय दाबाचा आहे. कार्ड दोन टिपकागदांच्या मध्ये ठेवून वर सपाट फळी आणि तिच्यावर घरातला वरवंटा किंवा जाड पुस्तके ठेवावीत, आणि टिपकागद ओलसर लागल्यास बदलावेत.

हवामानाचा भागही विसरून चालत नाही. जावळी, पाटण, महाबळेश्वर या बाजूला आषाढ-श्रावणात कपाटातला कोरा कागदसुद्धा हवेतील ओलावा पिऊन मऊ पडतो. तेथे कागद घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि एका कामाला रात्रभर वाळू द्यावे. याउलट माण, खटाव किंवा आटपाडीच्या कोरड्या उन्हाळ्यात फेविकॉल पसरेपर्यंत त्यावर साय धरते. तेथे एका वेळी थोड्याच भागावर लावून लगेच कागद बसवावा. पुस्तकांत दिलेल्या वाळण्याच्या वेळा एकाच भागात अशा दोन टोकांना चुकतात, म्हणून घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा: बोटाच्या पाठीला कागद गार लागला तर तो अजून ओला आहे.

कोणत्या कामाला कोणती शाई वापरावी?

शाईचे मुख्य प्रकार दोन. एकात रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. फाउंटन पेनची बहुतेक शाई अशी असते. ती कागदात खोल मुरते, तिच्या छटा फार नाजूक येतात, पण पाणी लागले की ती पुन्हा हलते आणि उन्हात उडते. दुसऱ्या प्रकारात रंगाचे बारीक कण द्रवात तरंगत असतात. ते कागदाच्या पृष्ठभागावर बसतात, उशिरा वाळतात आणि प्रकाशात अधिक टिकतात. ज्या कार्डाचे आयुष्य आठ दिवसांचे आहे, त्याला पहिली शाई खुशाल वापरावी. फोटोंच्या वहीला किंवा भिंतीवर लावायच्या चौकटीला दुसरीच घ्यावी.

रेषा आखून तिच्यावर ओला रंग द्यायचा असेल, तर रेषेसाठी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक वापरावी आणि ती पूर्ण वाळल्याशिवाय ब्रश टेकवू नये. मात्र ही शाई फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये. आत वाळली की पेन कायमचे जाते. स्पिरिटवर आधारलेल्या शाया प्लॅस्टिक, काच आणि चकचकीत कागदावर सुंदर पसरतात, पण साध्या कागदावर त्या आरपार जातात.

शाई उन्हात किती टिकते हे बाटलीवरच्या मजकुरावरून ठरवू नये. कागदाच्या पट्टीवर प्रत्येक शाईची एक रेघ ओढावी, निम्मी पट्टी काळ्या कागदाने झाकावी आणि उन्हाच्या खिडकीत काही आठवडे चिकटवून ठेवावी. झाकण काढल्यावर उत्तर डोळ्यांसमोर असते.

संगणकावरून छापलेला मजकूर किंवा फोटो रंगवताना फुटतो. काय करावे?

तो इंकजेट प्रिंटरवर छापलेला असतो. त्याची झेरॉक्स काढा किंवा लेसर प्रिंट घ्या; त्यातील काळी पूड उष्णतेने कागदावर वितळून बसलेली असल्यामुळे पाण्याने हलत नाही. मूळ जुने फोटो तर कधीच चिकटवू नयेत, त्यांचीही प्रतच वापरावी.

हळद किंवा अन्य घरगुती पदार्थांची शाई करता येते का?

करता येते, आणि या भागात तो प्रयोग करणे हौसेचेही आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची पद्धत प्रसिद्धच आहे. हळदीतील पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात कालवलेली हळद कागदावर नुसती भुकटी होऊन बसते आणि वाळल्यावर झडते. म्हणून औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटमध्ये हळद घालून बाटली बंद करून रात्रभर ठेवावी आणि वरचे स्वच्छ द्रव सुती कापडातून दोनदा गाळावे. स्पिरिट पेट घेते, तेव्हा हे काम चुलीपासून, देवघरातील निरांजनापासून दूर आणि खिडकी उघडी ठेवून करावे.

या शाईची खरी गंमत पुढे आहे. वाळलेल्या पिवळ्या रंगावर चुन्याच्या निवळीत बुडवलेला ब्रश फिरवला की रेघ क्षणात तांबडी होते. कुंकू करताना हळदीवर हीच क्रिया होते. मुलांना हे फार आवडते. पण हळदीचा रंग प्रकाशात झपाट्याने उडतो, म्हणून तो कार्डाच्या आतल्या पानावर वापरावा.

हिरडा आणि हिराकस (लोहाचे सल्फेट) यांची शाई हा दुसरा पर्याय आहे. कुटलेला हिरडा पाण्यात उकळून गाळावा आणि त्यात थोडे हिराकस विरघळवावे. लिहिताना ही शाई फिकी दिसते आणि हवा लागत जाईल तशी काळी होते, कारण तिच्यातील लोहावर हवेतील प्राणवायूची क्रिया होत राहते. तिचा दोष असा की ती आम्लधर्मी असते आणि बऱ्याच वर्षांनी कागद खाते. टिकाऊपणाच हवा असेल तर जुन्या दप्तरांतील रीत सर्वांत भरवशाची: दिव्याचे काजळ आणि बाभळीचा डिंक एकत्र भरपूर खलून केलेली शाई. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन, आणि त्याचा रंग ऊन उडवू शकत नाही. बोरूने लिहिलेले मोडी कागद आजही ठळक काळे दिसतात ते त्यामुळेच. खलण्यात आळस केला तर शाई दाणेदार होते, एवढे लक्षात ठेवावे.

रिबिनीची टोके उसवतात. ती कशी बंद करावीत?

आधी रिबीन कशाची आहे ते पाहावे. तिचा एक धागा चिमट्यात धरून जाळावा. आक्रसून टणक मणी झाला तर ती पॉलिएस्टर किंवा नायलॉनची आहे. कागद जळाल्यासारखा वास येऊन राख पडली तर सुती. केस जळाल्यासारखा वास आला तर रेशमी. पहिल्या प्रकाराची टोके मेणबत्तीच्या ज्योतीजवळून, ज्योतीला न टेकवता, झरकन फिरवली की कड वितळून बंद होते. ज्योतीच्या टोकाशी धरल्यास काजळी लागते, म्हणून खालच्या निळसर भागाच्या बाजूला धरावी. सुती आणि रेशमी रिबिनीवर हा उपाय करू नये. त्यांची टोके तिरकी कापून कडेला पातळ फेविकॉलचे बोट फिरवावे.

रिबिनीला शाईने रंग देता येतो का?

सुती फितीला देता येतो. शिवणसाहित्याच्या दुकानात मिळणारी पांढरी सुती पट्टी आधी धुऊन तिची खळ काढावी, मग पातळ केलेल्या शाईत बुडवावी; एक टोक बुडवून वर टांगल्यास रंग चढत जाऊन आपोआप फिका होत जातो आणि हा परिणाम साटीनवर कधीच मिळत नाही. साटीन रिबीन बहुधा पॉलिएस्टरची असते आणि पाण्याची शाई तिच्यावर नुसती थेंब होऊन बसते, वाळल्यावरही हाताला लागते. तिला स्पिरिटच्या शाईनेच रंग बसतो. माझे मत विचाराल तर साटीन हव्या त्या रंगाची विकत घ्यावी आणि रंगवण्याचे कष्ट सुती फितीवर घ्यावेत.

रिबीन चिकटवताना डाग पडतो. दुसरा मार्ग आहे का?

पाणीदार फेविकॉल साटीनमधून आरपार येतो आणि वाळल्यावर कडक काळसर पट्टा दिसतो. त्यामुळे सपाट पट्टीसाठी पातळ दुहेरी चिकटपट्टी वापरावी. त्याहून चांगली रीत म्हणजे अजिबात न चिकटवणे: रिबिनीच्या रुंदीपेक्षा एक मिलिमीटर अधिक लांबीच्या दोन चिरा कार्डाला पाडाव्यात, रिबीन त्यांतून ओवून टोके मागे न्यावीत, तेथे चिकटपट्टीने बसवावीत आणि वर आतला कागद लावून झाकून टाकावीत. चिरांच्या टोकांना सुईने एकेक भोक आधीच पाडले तर कागद पुढे फाटत नाही. बो किंवा गाठ वेगळी बांधून ग्लू गनच्या एका थेंबाने बसवावी. रिबीन सरळ कार्डावर आवळून बो बांधला तर कार्डाच्या कडा दुमडतात.

एका कार्डाला रिबीन किती लागते?

अर्ध्या इंचाच्या रिबिनीचा साधा बो साधारण ४० ते ४५ सेंटिमीटरमध्ये होतो, आणि कार्डाभोवतीच्या वेढ्यासाठी रुंदीच्या दुप्पट लांबी लागते. १३ सेंटिमीटर रुंद कार्डाला म्हणून सुमारे ७० सेंटिमीटर धरावी. एकाच प्रकारची अनेक कार्डे करायची असतील तर आधी एक बो बांधून, सोडून, मोजून घ्यावा.

एम्बॉसिंग पावडर (ओल्या शाईवर टाकून वितळवली की उठावदार नक्षी देणारी पूड) हेअर ड्रायरने वितळत नाही. का?

त्याची हवा पुरेशी गरम नसते आणि जोरदार असल्यामुळे पूड उडवून लावते. हीट गन घ्यावी, किंवा इस्त्री उलटी घट्ट बसवून तिच्यावर कागद थोडा उंच, चिमट्याने धरावा. पूड उशिरा वाळणाऱ्या शाईवरच टाकावी. फाउंटन पेनची शाई तोवर वाळलेली असते.

जुन्या लग्नपत्रिका वापरल्या तर चालतील का?

फार चांगल्या चालतात. त्यांचा कागद जाड असतो आणि सोनेरी नक्षी आयतीच मिळते. गणपतीचे किंवा कुलदैवताचे चित्र असलेला भाग कापायला अनेकांना जड जाते आणि त्या भावनेचा मान राखावा. तो भाग अखंड बाजूला ठेवून कडेची नक्षी आणि मागची कोरी बाजू घ्यावी. पेढ्यांचे खोके मात्र घेऊ नयेत. कंदी पेढ्याचे तूप पुठ्ठ्यात उतरलेले असते आणि त्या जागी कोणतीही शाई धरत नाही.

कासची फुले वाळवून कार्डावर लावता येतील का?

नाही. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे आणि तेथील फुले तोडण्यास मनाई आहे. दारची बोगनवेल, अबोली, शेवंती आणि झेंडूच्या पाकळ्या टिपकागदात दाबून सुंदर वाळतात. बोगनवेल तर मुळातच कागदी असते. जास्वंदीसारखी पाणीदार फुले बुरसतात.

उसाच्या चिपाडापासून घरी कागद करता येईल का?

कारखान्यांच्या या पट्ट्यात हा प्रश्न हमखास येतो. चिपाडातील तंतू मोकळे करायला ते कॉस्टिक सोड्यात शिजवावे लागते आणि ते काम घरच्या स्वयंपाकघरात करण्यासारखे नाही. त्याऐवजी वहीचे जुने कागद रात्रभर भिजवून वेगळ्या ठेवलेल्या मिक्सरमध्ये वाटावेत, घमेल्यातील पाण्यात तो लगदा ढवळावा, लाकडी चौकटीवर ताणलेल्या नायलॉनच्या जाळीने उचलावा आणि सुती कापडावर उलटा करून दाबून वाळवावा. असा कागद फार शोषक असतो. लगद्यात थोडी तांदळाची पेज मिसळली तर त्यावर शाई कमी फुटते. चांगला हातकागद सुती चिंध्यांचा असतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून तो बनवत आली आहे.

खळ वापरावी की फेविकॉल?

पातळ कागद मोठ्या पृष्ठभागावर बसवायचा असेल तर मैद्याची खळ, कारण ती हळू वाळते आणि कागद सरकवून नीट बसवता येतो. बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद (तांब्याचे सल्फेट) घालतात. ते विषारी आहे, त्यामुळे मुले हाताळणार असतील त्या कामात घालू नये आणि लागेल तेवढीच ताजी खळ करावी. डबी, पुठ्ठा आणि कापड यांना फेविकॉल.

पुरात किंवा गळतीत भिजलेली कार्डे आणि फोटो वाचवता येतात का?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीकडून हा प्रश्न फार येऊ लागला. चिकटलेली पाने कोरडी होऊ देऊ नयेत, कारण चकचकीत कागद एकदा चिकटून वाळला की सुटत नाही. ओले असतानाच स्वच्छ पाण्याच्या ताटात ठेवून ती सावकाश सोडवावीत, चिखल बोटाने न चोळता पाण्यानेच वाहू द्यावा आणि सावलीत, पंख्याखाली, सुती कापडावर चित्राची बाजू वर ठेवून वाळवावीत. इंकजेटवर छापलेले फोटो आणि पेनच्या शाईतील मजकूर पाण्यात बुडवू नयेत, ते नुसते टिपून घ्यावेत. एकाच दिवशी सर्व सोडवणे शक्य नसेल तर ओला गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावा. बुरशी थांबते आणि सवड मिळते.

रिबिनीची कार्डे टपालाने पाठवताना काय काळजी घ्यावी?

ए-६ कार्ड ११४ बाय १६२ मिलिमीटरच्या पाकिटात बसते, पण बो असल्यास पाकीट एक माप मोठे घ्यावे. बोच्या शेजारी त्याच उंचीचे जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे सुटे ठेवले की टपालाचा शिक्का गाठीवर आदळत नाही. तिकीट अंदाजाने लावू नये. खिडकीवर पाकिटाचे वजन करून घ्यावे.